आडवं सरकता येत नाही तेव्हा: सब-रीमानियन भूमिती आणि ऑप्टिमल ट्रान्सपोर्टबद्दल नेहमीचे प्रश्न

लग्नकार्यात कोणी ‘काय करता?’ विचारलं की मी ‘भूमिती’ म्हणून वेळ मारून नेतो. पण काही जण पिच्छा सोडत नाहीत, आणि त्यांचे प्रश्न सहसा चांगले असतात. ते इथे एकत्र केले आहेत. बारावीचं गणित विसरलं नसेल तर बहुतेक भाग झेपेल. मधला तीन-चार-पाचचा भाग कागद-पेन्सिल घेऊन वाचा.

सब-रीमानियन भूमिती म्हणजे काय? एका वाक्यात सांगा.

प्रत्येक ठिकाणी ठरावीक दिशांनीच हलायची मुभा आहे, तरीही कुठूनही कुठेही पोचता येतं, अशा जागेत अंतर मोजायची भूमिती.

दुसरं वाक्य चालणार असेल तर गाडीकडे बघा. गाडी कुठे उभी आहे हे सांगायला दोन आकडे लागतात आणि तोंड कुठे आहे हे सांगायला तिसरा. म्हणजे जागा तीन मितींची झाली. पण ड्रायव्हरच्या हातात गोष्टी दोनच: पुढे-मागे जाणं आणि वळणं. आडवं सरकणं ही तिसरी दिशा बंद. रीमानच्या नेहमीच्या भूमितीत सगळ्या दिशा खुल्या असतात, इथे काहीच खुल्या असतात. नावातलं ‘सब’ तेवढ्यापुरतंच आहे.

आडवं जाता येत नाही, मग दोन गाड्यांच्या मधे गाडी लागते कशी?

आमच्या सोसायटीचा वॉचमन हे रोज शिकवतो: ‘फुल कट मारा, मागे घ्या, आता उलटा कट, या या या, बास.’ त्याच्या तोंडी जे असतं त्याला गणितात ‘ली ब्रॅकेट’ म्हणतात.

गाडीपेक्षा व्हीलचेअरवर हा हिशोब स्वच्छ दिसतो, कारण ती जागच्या जागी वळते. समजा एक मीटर पुढे गेलात, सुमारे ६ अंश डावीकडे वळलात, एक मीटर मागे आलात आणि तेवढंच उजवीकडे वळलात. तोंड पुन्हा पहिल्या दिशेला. पण खुर्ची मूळ जागी आलेली नाही, ती सुमारे १० सेंटिमीटर उजवीकडे सरकली आहे. पुढच्या दिशेने पडलेला फरक जेमतेम अर्धा सेंटिमीटर, तो सोडून द्या. म्हणजे जी दिशा बंद होती, तिच्यातच आपण सरकलो.

आता सगळं निम्मं करा: अर्धा मीटर, ३ अंश. सरकणं ५ सेंटिमीटर नाही होत, अडीच होतं. मेहनत निम्मी केली तर फळ पाव. वाचून विसरलात तरी चालेल, पण ही एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण खाली जे काही विचित्र घडणार आहे ते सगळं इथून निघतं. बंद दिशेला जाता येतं, पण तिचा भाव वेगळा असतो, आणि अंतर जितकं लहान तितका तो भाव डोईजड होत जातो.

हे नेहमी जमतं का?

नाही. खुल्या दिशांची अशी पुढे-मागे उलटापालट करून, आणि जे मिळालं त्याची पुन्हा उलटापालट करून, शेवटी सगळ्या दिशा हाती लागत असतील तर जमतं. हे प्रमेय रॅशेव्हस्की (१९३८) आणि वेई-लियांग चाऊ (१९३९) यांनी एकमेकांवर विसंबून न राहता सिद्ध केलं. उलटापालट करून नवं काहीच मिळत नसेल, तर तुम्ही जिना नसलेल्या इमारतीत आहात. आपल्या मजल्यावर हवे तितके फिरा, वरच्या मजल्यावर पोचणार नाही.

या अंतराला कार्नो-कॅराथिओडोरी अंतर म्हणतात. कार्नो म्हणजे वाफेच्या इंजिनवाला?

तोच. कॅराथिओडोरीने १९०९ मध्ये उष्मागतिकीची मांडणी भूमितीच्या भाषेत केली. उष्णता आत-बाहेर न जाऊ देता बदल करायचा, म्हणजे ठरावीक दिशांनीच हलायचं. उष्मागतिकीत जिना नसलेली इमारत असते, आणि प्रत्येक मजल्याचा नंबर म्हणजे एंट्रॉपी. आमच्या विषयात बरोबर उलटी परिस्थिती असते. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

सगळे जण हायझेनबर्ग ग्रुपचं उदाहरण का देतात? तो क्वांटमवाला का?

हो, क्वांटममध्ये स्थान आणि संवेग यांचा क्रम बदलला की जो फरक पडतो, त्याचंच बीजगणित इथे आहे. पण ते समजून घ्यायला क्वांटम नको. मैदान पुरेल.

मैदानात एक खुंटी ठोका. खुंटीपासून तुमच्या कमरेपर्यंत रबरी दोरी ताणलेली आहे, आणि खिशात एक मीटर आहे, रिक्षात असतो तसा. तुम्ही चालता तेव्हा दोरी जेवढं क्षेत्रफळ झाडत जाते तेवढा मीटर पडतो. घड्याळाच्या उलट दिशेला गेलात तर आकडा वाढतो, सुलट गेलात तर कमी होतो. तुमची ‘जागा’ म्हणजे तीन आकडे: मैदानातले दोन आणि मीटरवरचा एक. मीटरला हात लावायची परवानगी नाही, फक्त चालायची आहे. हाच हायझेनबर्ग ग्रुप.

आता प्रश्न: खुंटीपासून निघून खुंटीपाशीच यायचं आहे आणि मीटरवर १ चौरस मीटर हवा आहे. कमीत कमी किती चालावं लागेल? एवढं क्षेत्रफळ कमीत कमी परिघात वेढायचं, म्हणजे वर्तुळ. उत्तर ३.५४ मीटर. (क्षेत्रफळाला पायने गुणा, वर्गमूळ काढा, दुप्पट करा.) मीटरवर १ चौरस मीटरऐवजी १ चौरस सेंटिमीटर हवा असेल तर ३.५४ सेंटिमीटर चालायचं. आकडा १०,००० पटींनी घटला आणि चाल फक्त १०० पटींनी. व्हीलचेअरचीच गोष्ट.

आणखी एक गंमत. हे वर्तुळ खुंटीवरून कोणत्याही दिशेला सुरू करता येतं, म्हणजे सर्वांत लहान वाटा एक-दोन नाहीत, अगणित आहेत. नेहमीच्या वक्र पृष्ठभागांवरही असं होतं, उत्तर ध्रुवावरून दक्षिण ध्रुवावर जाताना होतंच. पण त्यासाठी लांब जावं लागतं, पुरेशा जवळच्या दोन बिंदूंमध्ये सर्वांत लहान वाट एकच असते. इथे मीटरवरचा आकडा कितीही बारीक घ्या, वाटा अगणितच.

मग ही जागा तीन मितींची की आणखी कितीची?

तीन आकडे लागतात म्हणून तीन. पण त्रिज्या दुप्पट केली की गोळ्याचं घनफळ किती पट होतं ते पाहा. आपल्या खोलीत ८ पट होतं. इथे मैदानातल्या दोन दिशा दुप्पट होतात आणि मीटरची दिशा चौपट, म्हणून १६ पट. दोनचा चौथा घात, तेव्हा मिती चार. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पाच हे तिसरं बरोबर उत्तर पुढे येतं आहे.

ऑप्टिमल ट्रान्सपोर्ट म्हणजे लॉजिस्टिक्सच ना?

सुरुवात जवळपास तशीच आहे. गास्पार मोंजने १७८१ मध्ये प्रश्न मांडला तो खणलेल्या मातीचा आणि भरावाचा: इथली माती काढायची, तिथे भराव घालायचा, कुठली पाटी कुठे टाकली तर एकूण वाहतूक कमीत कमी होईल? मोंजला तो पूर्ण सुटला नाही. १९४२ मध्ये कांतोरोविचने अट सैल केली, एका ठिकाणची माती वाटून अनेक ठिकाणी टाकायला मुभा दिली, आणि प्रश्न एकदम हाताळण्याजोगा झाला. त्याला १९७५ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, कूपमन्सबरोबर विभागून.

भूमितीवाले या विषयात आले ते ब्रेनिएमुळे, १९८० च्या दशकाच्या अखेरीला. भाडं अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात धरलं, तर सर्वांत स्वस्त वाहतूक एकच असते आणि ती एका बहिर्वक्र फलनाच्या उतारावरून मिळते, हे त्याने दाखवलं. मॅककॅनने २००१ मध्ये हेच वक्र जागांवर नेलं. मग लक्षात आलं की माती नेताना ढिगारा वाटेत फुगतो की आकसतो, हे पाहून जागेची वक्रता कळते. गोलावर तो मधे फुगतो, खोगिरासारख्या जागेत आकसतो. मला विचाराल तर या विषयातली ही सर्वांत देखणी कल्पना आहे. या कामात मोठा वाटा असलेल्या सेड्रिक विलानीला २०१० मध्ये फील्ड्स पदक मिळालं, आणि तो समारंभ आपल्या हैदराबादला झाला होता.

या दोन विषयांची गाठ कुठे पडली?

२००४ मध्ये लुइजी अँब्रोसिओ आणि सेव्हरीन रिगो यांनी हायझेनबर्ग ग्रुपमध्ये मोंजचा प्रश्न सोडवला. भाडं तेच, अंतराचा वर्ग, फक्त अंतर कार्नो-कॅराथिओडोरी. माती नीट पसरलेली असेल, म्हणजे तिला घनता असेल, तर सर्वांत स्वस्त वाहतूक एकच असते आणि प्रत्येक कण कुठे जाणार हे ठरलेलं असतं.

वाचायला सोपं वाटतं. अडचण अशी की ब्रेनिए-मॅककॅनच्या युक्तिवादात भाड्याचा आलेख पुरेसा गुळगुळीत असावा लागतो. इथे सरळ मीटरच्या दिशेला पाहिलं तर अंतराचा वर्ग मीटरवरच्या आकड्याच्याच प्रमाणात वाढतो, त्या आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात नाही. म्हणून सुरुवातीच्या बिंदूशीच आलेखाला टोक येतं, इंग्रजी व्ही अक्षरासारखं. कण जितका कमी हलणार तितका हा त्रास जास्त. २०१० मध्ये फिगाली आणि रिफोर्ड यांनी बऱ्याच सर्वसाधारण सब-रीमानियन जागांसाठी यावर साधासा उपाय वापरला: जे कण हलतच नाहीत ते वेगळे काढायचे, हलणाऱ्यांचा वेगळा विचार करायचा. न हलणाऱ्यांना नकाशा, म्हणजे कुठला कण कुठे जाणार याची नोंद, कशाला हवा? त्याआधी अग्राचेव्ह आणि ली यांनी कंट्रोल थिअरीच्या (यंत्राला हवं तिथे कसं न्यायचं, या शास्त्राच्या) बाजूने हाच डोंगर चढायला घेतला होता.

तीन, चार, पाच: पाच कुठून आले?

आता कागद घ्या.

खुंटीपासून साधारण एक मीटर दूर मातीचा एक छोटा ढेकूळ आहे. त्यातला प्रत्येक कण आपापल्या सर्वांत लहान वाटेने खुंटीकडे निघतो. सगळे अर्ध्या वाटेवर आले की थांबवा. ढेकळाचं घनफळ किती उरलं?

आपल्या नेहमीच्या जागेत तिन्ही दिशा निम्म्या होतात, म्हणून एक अष्टमांश. हायझेनबर्गमध्ये मैदानावरून पाहिलं तर या वाटा वर्तुळांचे कंस असतात, आणि ढेकळाच्या मीटरवर शून्याच्या जवळपास आकडा असेल तर कंस जवळजवळ सरळ. मैदानातल्या दोन दिशा निम्म्या होतात, त्यात विशेष काही नाही. मीटरचं काय? कणाच्या मीटरवरचा आकडा म्हणजे कंस आणि त्याची जीवा यांच्यामधली पातळ फाक. टरबुजाची अगदी बारीक फोड डोळ्यापुढे आणा. तेच वर्तुळ, पण कंस अर्धा घेतला, तर फाक अर्ध्या लांबीची आणि पाव जाडीची होते. लांबी गुणिले जाडी: एक अष्टमांश.

म्हणून एकूण: अर्धा, गुणिले अर्धा, गुणिले एक अष्टमांश. एक बत्तिसांश. दोनचा पाचवा घात.

मोजायला तीन आकडे, गोळा फुगतो चौथ्या घाताने, आणि वाटांवरून आकसतो पाचव्या घाताने. निकोला ज्युइयेने २००९ मध्ये दाखवलं की ढेकूळ कुठेही असो, यापेक्षा वाईट होत नाही आणि पाचपेक्षा लहान घात चालत नाही. अग्राचेव्ह, बारिलारी आणि रिझ्झी यांनी पुढे अशा आकड्याला ‘जिओडेसिक मिती’ हे नाव दिलं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वाटलं छपाईची चूक असावी, चार असायला हवं. फाक काढून पाहिल्यावर पटलं.

म्हणजे या जागेला वक्रता आहे का? किती?

लॉट, विलानी आणि स्टुर्म यांनी ट्रान्सपोर्टच्या भाषेत अशी कसोटी बनवली होती की गुळगुळीतपणा नसलेल्या जागेलाही ‘हिची वक्रता अमुक आकड्याखाली जात नाही’ असं म्हणता यावं. हायझेनबर्ग ग्रुप हा तिचा नमुन्याचा विद्यार्थी ठरेल अशी आशा होती. तो नापास झाला, आणि कुठलाही आकडा लावला तरी नापास. ज्युइयेच्या त्याच कामात हे आहे.

कारण वरच्या हिशोबातच आहे. एकाच घनफळाचे दोन छोटे ढीग घ्या, एक इथे, एक तिथे. पहिल्यातल्या प्रत्येक कणाची दुसऱ्यातल्या प्रत्येक कणाशी जोडी लावा आणि प्रत्येक जोडीचा मध्यबिंदू खुणेने नोंदवा. सपाट जागेत या मध्यबिंदूंनी व्यापलेलं घनफळ मूळ ढिगापेक्षा कमी कधीच होत नाही. हायझेनबर्गमध्ये ढीग हुशारीने निवडले, दुसरा म्हणजे मधल्या बिंदूपलीकडचं पहिल्याचं प्रतिबिंब, तर एकेका ढिगाची मध्यावरची सावली एक बत्तिसांश पडते आणि दोन्ही सावल्यांचा आकार एकच असतो. त्यांची बेरीज तिन्ही दिशांनी दुप्पट, म्हणजे आठ पट. आठ भागिले बत्तीस, पाव. ढीग लहान करत गेलात तर प्रमाण पावाकडेच जातं.

‘मग वक्रता ऋण म्हणा आणि सोडून द्या’ असं कोणीतरी म्हणतंच. तेही चालत नाही. ही जागा कितीही झूम केली तरी हुबेहूब तशीच दिसते. समजा तुम्ही उणे शंभर म्हणालात. झूम करत गेलं की तो आकडा शून्याकडे सरकतो, आणि शून्याची कसोटी तर आत्ताच मोडली.

मग ट्रान्सपोर्टची पद्धत इथे फुकट गेली म्हणायची?

फुकट नाही, मापं बदलावी लागली. गोलाची किंवा खोगिराची मापपट्टी लावण्याऐवजी, माती वाटेत नक्की किती आकसते ते त्या-त्या जागेच्या वाटांवरूनच मोजायचं आणि तेच गुणक मध्यबिंदूंच्या घनफळाच्या असमानतेत घालायचे. बालोग, क्रिश्ताय आणि शिपोश यांनी हे हायझेनबर्गसाठी केलं, बारिलारी आणि रिझ्झी यांनी २०१९ मध्ये बऱ्याच सर्वसाधारण जागांसाठी. इमॅन्युएल मिलमनने वेगळी वाट धरली: कसोटी तीच ठेवायची, पण उजव्या बाजूला एका स्थिर गुणकाची सूट द्यायची. एवढ्या सवलतीत हायझेनबर्ग पास होतो. मला पहिली वाट जास्त प्रामाणिक वाटते. पण कामाचं विचाराल तर मिलमनची सूट अनेकदा पुरते.

‘अ‍ॅबनॉर्मल’ वाटा म्हणजे काय? त्यांना सगळे घाबरतात का?

घाबरतात. सर्वांत लहान वाट शोधायला एक समीकरण असतं. पण काही जागांमध्ये अशा लहानात लहान वाटा सापडतात ज्या त्या समीकरणातून निघतच नाहीत. केवळ खुल्या दिशांची रचनाच तशी असते म्हणून त्या तिथे असतात. अशा वाटा असतच नाहीत, अशी ‘सिद्धता’ १९८० च्या दशकात छापून आली होती आणि मागे घ्यावी लागली. रिचर्ड मॉन्टगोमेरीने १९९४ मध्ये खरं उदाहरण दिलं. मग प्रश्न उरला: सर्वांत लहान वाट गुळगुळीत तरी असतेच ना? कोपरा नसतो हे हाकावुओरी आणि ले डोन यांनी २०१६ मध्ये दाखवलं. २०२५ च्या सुरुवातीला सात जणांनी मिळून लिहिलेल्या लेखात असं उदाहरण आलं की जिथे लहानात लहान वाटेचं दोनदा विकलन नीट होतं, तिसऱ्यांदा नाही. दशकं चाललेला प्रश्न, आणि उत्तर ‘नाही’.

हायझेनबर्गमध्ये हे भूत नाही. म्हणून तर सगळे तिथून सुरू करतात.

याचा व्यवहारात उपयोग?

ट्रेलर मागे घेणारा रोबो, उंचावरून पाठीवर पडताना हवेतच पालटून पायांवर उतरणारं मांजर, अंतराळात पॅनेल हलवून दिशा बदलणारा उपग्रह: तिन्हीत गणित हेच आहे. मेंदूच्या दृष्टीच्या भागाचं सित्ती आणि सार्ती यांचं २००६ चं मॉडेलही व्हीलचेअरचीच जागा वापरतं, म्हणजे दोन आकडे स्थानाचे आणि एक दिशेचा. अर्धवट झाकलेली रेघ आपल्याला पूर्ण दिसते, कारण मेंदू तुटलेली टोकं या जागेतल्या लहान वाटेने जोडतो, अशी त्यांची मांडणी.

अजून न सुटलेलं, पण सांगता येईल असं काही?

आहे. ठरावीक घनफळ कमीत कमी पृष्ठभागात कोंडायचं असेल तर आकार कोणता? खोलीत उत्तर साबणाचा फुगा. हायझेनबर्ग ग्रुपमध्ये तिथला गोळा हे उत्तर नाही, एवढं माहीत आहे. पिएर पान्सूने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अंदाज मांडला: खुंटीवरून निघून खुंटीवर परत येणारी ती वर्तुळं आठवा, मीटरवर सारखाच आकडा आणणारी, वेगवेगळ्या दिशांना सुरू होणारी. या तीन मितींच्या जागेत ती सगळी एकत्र पाहिली तर वर-खाली दोन ध्रुव असलेला एक बंद फुगा तयार होतो. पान्सू म्हणतो, हाच तो आकार. पृष्ठभाग पुरेसा गुळगुळीत आहे असं आधीच मानलं तर हे सिद्ध झालं आहे, आकार बहिर्वक्र मानला तरीही. काहीही न मानता अजून नाही. सपाट जागेत मातीचा नकाशा वापरून ही सिद्धता पानभरात होते. इथे तो नकाशा अँब्रोसिओ-रिगोपासून हातात आहे, पण त्यावरून फुग्यापर्यंत अजून कोणी पोचलेलं नाही.